पुढं कुणाला?

त्या उन्हाळ्यात दोन गोष्टी पाळीनं वाटल्या जात होत्या, टाकीतलं पाणी आणि पेटीतल्या कादंबऱ्या. पाण्याची पाळी दोन भावांनी ठरवलेली होती, कादंबऱ्यांची एका सोळा वर्षांच्या मुलीनं. पाण्यावरून कधीतरी जुंपणार हे सगळे धरूनच चालले होते. कादंबऱ्यांवरून कुणाचं काही बिघडेल हे मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

रोपवाटिका दोन भावांची. वरचा भाग थोरल्याकडं, खालचा धाकट्याकडं, मधून हातगाडी जाईल एवढी वाट. टाकी एकच, वाटेच्या तोंडाशी, आणि तिला दोन कॉक. सकाळी वीज येई तेवढ्यात पंप टाकी भरून घेई. दुपारपर्यंत थोरल्याचा कॉक चालू, मग तो बंद करायचा आणि उरलेली टाकी धाकट्याची. पाणी मुबलक होतं तोवर या पाळीत कुणी खोट काढली नाही. त्या वर्षी ऊन लवकर आलं, विहीर खाली गेली, आणि दोघेही भाऊ येता-जाता टाकीवर टकटक करून आतलं पाणी कुठवर आहे ते ऐकायला लागले.

मुलगी धाकट्याची. शाळेला सुट्टी लागली तेव्हा शाळेतल्या बाईंनी मोठ्या मुलांसाठीच्या कादंबऱ्यांनी भरलेली पत्र्याची पेटी तिच्या घरी पाठवून दिली. तिच्याच घरी का, असं हेडमास्तरांनी विचारलं तर बाई म्हणाल्या, "मी पुस्तक दिलं की पोरं ते नेऊन उशाला ठेवतात. ही देते ते वाचतात." मोठे काका, म्हणजे थोरला भाऊ, तिला पेटीवाली म्हणायला लागले आणि मग सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं.

पेटी शेडमध्ये होती, माती चाळायच्या चाळणीशेजारी. पोरं तिथंच यायची. पेटीवाली माती, वाळू आणि खत कालवून काळ्या पिशव्यांत भरत असायची आणि आलेल्याच्या हातातही पिशवी द्यायची. रिकामं बसून पुस्तक मागायची सोय नव्हती. कुणी "एखादं चांगलंसं पुस्तक दे" म्हटलं की तिचं डोकं सरकायचं.

"चांगलंसं म्हणजे काय? भाजी निवडतोयस का? सध्या कुणावर राग आहे ते सांग."

पोरं आधी हसायची. मग माती कोंबता कोंबता खाली बघून सांगून टाकायची. हाताला काम असलं की जीभ सैल सुटते, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. जाड भिंगांचा चष्मा लावणारी तिची मैत्रीण म्हणाली, मला सगळे हुशार समजतात त्याचाच राग येतो. तिला पेटीवालीनं एका नापास मुलीची कादंबरी दिली आणि ती मैत्रीण दुसऱ्या दिवशी डोळे सुजवून परत आली. किराणा दुकानदाराचा मुलगा म्हणाला, माझा कुणावरच राग नाही. "मग तुझी अजून वेळ आली नाही," असं म्हणून तिनं त्याला भुताची कादंबरी देऊन वाटेला लावलं.

पुस्तक परत आलं की ती कसं वाटलं हे विचारत नसे. एवढंच विचारायची, "पुढं कुणाला?" वाचणाऱ्यानं पुढच्याचं नाव सांगायचं आणि ते पुस्तक त्याच्याकडं जायचं, मग त्यानं मागितलेलं असो वा नसो. शेवट कुणाला फोडायचा नाही. आणि पेटीपाशी बोललेलं पेटीपाशी राहायचं. गावातल्या अर्ध्या पोरांचे राग असे तिच्या पोटात होते. तिला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा? घरात तिला दुसरं काही मिरवायला नव्हतं.

राहिला होता तो लंबू. मोठ्या काकांचा मुलगा, तिच्याच वर्गातला, दारातून आत येताना मान वाकवणारा. आई गेली तेव्हा तो अजून नीट चालतही नव्हता. तेव्हापासून त्याचं दुपारचं ताट पेटीवालीच्या आईकडं, म्हणजे त्याच्या काकूकडं. भावाभावांत बोलणं असो नसो, ते ताट कधी चुकलं नव्हतं. पुस्तकांशी मात्र त्याचं उभं वैर. पेटीवालीनं त्याला गाठायचं ठरवलं, आणि एक दिवस पिशव्या भरताना तो सापडला.

"कुणावर राग आहे?"

"कुणावर नाही बुवा."

"खोटं बोलशील तर अजून एक ढीग भरायला लावीन."

त्यानं बऱ्याच पिशव्या भरल्या. मग म्हणाला, "आमच्या बाबांवर. चूक झाली की घरात बोलत नाहीत. चार माणसं जमेपर्यंत थांबतात, मग बोलतात."

हात झटकून तिनं पेटीतून एक कादंबरी काढली. नावाड्याच्या मुलीची गोष्ट होती. नदीवर दोराच्या आधारानं चालणारी नाव, एके दिवशी दोर सुटतो, तो कुणामुळे सुटला हे एकट्या त्या मुलीला माहीत असतं.

"पहिलं प्रकरण रडतखडत वाच," ती म्हणाली, "पुढं तेच तुला ओढून नेईल."

आणि झालं तसंच, हेच तर दुखणं.

मग एका दिवशी पेटीवाली, तिची आई आणि बाबा रोपांचा टेम्पो घेऊन शहराला गेले होते. रस्त्याकडेला झाडं लावणाऱ्या ठेकेदारानं कलमांची मागणी दिली होती आणि नमुना मागितला होता. नमुना त्याला पसंत पडला. येताना बाबा टेम्पोत मागं उभे राहून शीळ घालत होते. घरी आल्यावर त्यांनी आपला कॉक उघडला. नळीनं एकदा गुळगुळ केलं आणि थोडी हवा सोडली. टाकीवर टकटक केली तर घागर वाजावी तशी टाकी वाजली. वरच्या अंगाला मोठ्या काकांच्या वाफ्यांत मात्र पाणी तुंबलं होतं, पार वाटेवर आलं होतं.

त्यात दुसऱ्या दिवशी वीज आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कुठं तरी तार तुटली होती म्हणे.

नुकती बांधलेली कलमं म्हणजे ओली बाळंतीण. खुंटावर दुसऱ्या झाडाची कांडी बसवून पट्टी आवळलेली असते, दोघांचा जीव एकमेकांत गेलेला नसतो, आणि अशा वेळी पाणी तुटलं की कांडी आधी मरते. तिघंही विहिरीच्या तळातून पाणी काढून झारीनं घालत राहिली. आईच्या तळहाताची कातडी सोलून निघाली. पेटीवालीच्या खांद्यावर कावडीच्या काठीचा लाल पट्टा उमटला आणि कुशीवर झोपणं बंद झालं. बाबा ओळीनं उकिडवे बसत पुढं सरकायचे, एकेका कलमाची साल नखानं खरवडून बघायचे. आत हिरवं दिसलं तर पुढं जायचे. तपकिरी दिसलं तर पिशवी उचलून मागं ठेवायचे. संध्याकाळी मागची रांग पुढच्या रांगेहून लांब झाली होती.

बाबा तसेच मातीच्या हातांनी वर गेले. पेटीवाली वाटेवर उभी राहून ऐकत होती.

"कॉक कुणी उघडा ठेवला?"

"कुणी नाही," मोठे काका म्हणाले. "दुपारी पोरानं बंद केला. मी विचारलंय त्याला."

"मग पाणी गेलं कुठं? तुझे वाफे तुंबले होते ते?"

"टाकी गळत असेल तुझी."

"माझी टाकी? भरताना आपली आणि गळताना माझी?"

"हे बघ, माझा पोरगा खोटं बोलत नाही. मी कुणासमोरही सांगेन."

"मग सांगच," बाबा म्हणाले. "समितीसमोर सांग."

पाणी समितीकडं अर्ज गेला. घरातलं बोलणंच बदललं. आजवर 'दादा' म्हणून ज्यांचं नाव निघायचं ते आता 'वरचे' झाले. बाबा जेवताना ताटाकडं बघून म्हणायचे, मुद्दाम केलं, ठेकेदाराची मागणी डोळ्यांत सलली. टाकी मधून भिंत घालून तोडायची, वाट बंद करायची, इथवर गोष्ट गेली. लंबूचं ताट आई अजून वाढत होती, पण तो पटापट गिळून वर न बघता निघून जायचा.

मग एका दुपारी तो शेडमध्ये आला. बगलेत कादंबरी होती. पेटीवालीनं सवयीनं पिशवी पुढं केली, त्यानं घेतली नाही.

"संपलं?"

"नाही. पुढं वाचवत नाही." त्यानं पुस्तक उघडलं. पानांत खूण म्हणून एक वाळकी कांडी घातलेली होती. "इथवर आलो होतो त्या दिवशी. टाकीच्या सावलीत बसलो होतो. म्हटलं, हे प्रकरण संपलं की कॉक बंद करतो. मग ते संपलं, आणि त्याच्या शेवटी तो दोर सुटला. मग कसं उठणार? वर बघितलं तेव्हा ऊन पार पलीकडं गेलं होतं. टाकी कोरडी."

पेटीवालीच्या हातातली माती खाली सांडली.

"बाबांनी विचारलं, बंद केलास का," तो म्हणाला. "मी हो म्हटलं. आता ते सगळीकडं माझ्या नावानं शपथा खातायत. ही कांडी तुमच्या वाफ्यातली आहे. मेलेल्यांच्या ढिगातून उचलली."

"सांगून टाक त्यांना. मुद्दाम नव्हतं केलंस."

"सांगणार आहे. एकटे सापडले की सांगणार. तू बोलू नकोस कुणाला. आणि काकूला तर नकोच. तिच्या हातचं जेवतो मी."

"पेटीपाशी बोललेलं पेटीपाशी," ती म्हणाली. "पुस्तक ठेव तुझ्याकडं. पूर्ण कर."

तो गेला, आणि त्या दिवसापासून त्याचं ताट नेताना ती खाली बघायला लागली. दोन घरं तुटायला निघाली होती, आणि ती कशानं तुटत होती? तिनं निवडून दिलेल्या एका कादंबरीनं. तिची निवड इतकी बरोबर आली होती की कलमं मेली. हे सांगावं तरी कुणाला?

आई गप्प होती, पण आंधळी नव्हती. एकदा दोघीच जुन्या पिशव्या फाडून माती मोकळी करत होत्या. मेलेली कलमं उपटून एका बाजूला, माती दुसऱ्या बाजूला. आईनं पट्टी सोडता सोडता सहज विचारलं, "लंबू तुझ्याशी बोलत नाही का गं हल्ली?"

"बोलतो की."

"मग तू त्याचं ताट नेताना त्याच्याकडं का बघत नाहीस?"

पेटीवालीनं पुढची पिशवी फाडली. आईनं आणखी एक पट्टी सोडली. मग म्हणाली, "तुझ्या बाबांना भावाला तोडायचंय. मला नाही तोडायचं. त्या पोराला मी भरवलंय. तुला काही ठाऊक असेल तर मला सांग, मी आतल्या आत मिटवते. माझ्या पोटातून बाहेर जाणार नाही."

"काही नाही ठाऊक."

"तुझ्या गळ्याशपथ सांगते, कुणाला बोलणार नाही." आईनं खरंच मातीचा हात तिच्या गळ्यावर ठेवला. हात खरखरीत होता, आणि ऊबदार. "बाबांना एवढंच सांगेन की मुद्दाम नव्हतं. तेवढ्यानं ते निवळतील."

हाताला काम होतं, समोर मायेचं माणूस होतं. जी युक्ती पेटीवाली रोज पोरांवर करायची तीच तिच्यावर चालली, आणि तिला कळलंही नाही. तिनं सगळं सांगितलं. टाकीची सावली, प्रकरणाचा शेवट, खुणेची वाळकी कांडी, एकटे सापडले की बापाला सांगणार आहे तेही. सांगून झाल्यावर ती रडली, आणि रडून इतकं हलकं वाटलं की ती उठून दोघींसाठी चहा करून घेऊन आली. आईनं चहा घेतला. "बरं झालं सांगितलंस," एवढंच म्हणाली.

समिती सकाळी बसली. खोलीत खुर्च्या समितीपुरत्याच, बाकी सगळे भिंतीला टेकून. अध्यक्ष म्हातारे होते आणि त्यांना एका कानानं कमी ऐकू यायचं, त्यामुळे तिथं प्रत्येक गोष्ट दोनदा बोलावी लागे. बाबांनी आपलं गाऱ्हाणं दोनदा सांगितलं. मोठे काका पुढं झाले. लंबूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "या पोरानं कॉक बंद केला. याच्या शब्दावर मी उभा आहे." अध्यक्षांनी हात कानाला लावला. "याच्या शब्दावर मी उभा आहे," काका पुन्हा म्हणाले, मोठ्यानं. लंबू जमिनीकडं बघत होता.

पेटीवालीला वाटलं, आता तो बोलेल. त्याचे ओठ हललेही असतील. पण त्याआधी तिच्या शेजारून आई पुढं गेली.

"पोरानं कॉक उघडा ठेवला होता. त्यानं स्वतः माझ्या मुलीला सांगितलंय."

"काय म्हणाल्या?"

"त्यानं स्वतः माझ्या मुलीला सांगितलंय," आई ओरडून म्हणाली. "विचारा तिला. इथंच आहे."

सगळ्या माना वळल्या. कुणीतरी पेटीवालीला पाठीवर हात ठेवून पुढं सरकवलं.

"खरं का गं?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो, पण तो—"

"हो की नाही, तेवढं सांग."

"तो वाचत—"

"अगं, हो म्हणायचंय की नाही?"

तिनं आईकडं बघितलं. आईला पुस्तकाचं ठाऊक होतं. आईनं एक शब्द टाकला असता तर पुरलं असतं. आई अध्यक्षांकडंच बघत होती.

"हो," ती म्हणाली.

"ऐकू नाही आलं."

"हो."

मोठ्या काकांनी लंबूच्या खांद्यावरचा हात काढला. मारलं नाही. मारलं असतं तर बरं, असं पेटीवालीला वाटलं. ते अगदी सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "मी तुझ्यासाठी शब्द टाकला. आई नाही म्हणून तुला कधी उणं पडू दिलं नाही, आणि तू मला या लोकांसमोर खोटा पाडलास. चुलत्याची कलमं मारलीस आणि बापाचं नाक कापलंस." आणखीही बरंच बोलले. चार माणसं जमलेलीच होती. लंबूनं मान वर केली ती एकदाच, आणि बापाकडं नाही, पेटीवालीकडं बघितलं. त्या बघण्यात रागसुद्धा नव्हता, आणि तेच तिला सोसेना.

निकाल लागला. सकाळची टाकी धाकट्याची, उरलेली थोरल्याची. बाबा घरी येताना शीळ घालत होते.

कपडे धुवायच्या दगडापाशी पेटीवालीनं आईला गाठलं.

"तू म्हणाली होतीस, मुद्दाम नव्हतं एवढंच सांगेन."

"मुद्दाम नव्हतं म्हटल्यावर समितीनं समजूत काढून घरी पाठवलं असतं. पाणी मिळालं असतं का?"

"पुस्तकाचं तरी सांगायचं."

आईनं हातातलं कापड दगडावर आपटलं. "पुस्तकाचं सांगितलं असतं तर बोट कुणाकडं वळलं असतं? पुस्तक दिलं कुणी? तुझे बाबा तरी तुला सोडते का? मी तुला वाचवलंय, एवढं ध्यानात ठेव."

"मला नव्हतं वाचायचं. तू शपथ घेतली होतीस. माझ्या गळ्याची."

"घेतली होती." आईनं कापड पिळलं, पाणी निथळू दिलं, आणि शांतपणे म्हणाली, "त्याशिवाय तू बोलली नसतीस."

पेटीवाली तिथंच उभी राहिली. आई खोटं बोलली असती, विसरले म्हणाली असती, चुकून तोंडातून गेलं म्हणाली असती, तरी तिनं मानून घेतलं असतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते तिनं कादंबऱ्यांत पुष्कळ वाचलं होतं. कापणाऱ्या माणसाच्या हाताला साबणाचा वास येतो आणि तेच माणूस संध्याकाळी आपली वेणी घालतं, हे कुठल्याही कादंबरीत नव्हतं.

पाणी आलं. नवीन खुंट आणले, नवीन कांड्या कापल्या. आई आणि बाबा सावलीच्या जाळीखाली बसून कलमं बांधायचे, पेटीवाली ओल्या पोत्यांवर पाणी मारायची. सकाळच्या भरल्या टाकीचं पाणी नळीतून जोरात यायचं, आणि तिला ते हातावर घ्यावंसं वाटत नसे. वरच्या वाफ्यांतली रोपं पिवळी पडत होती. लंबू तिथं बादल्या वाहताना दिसायचा. जेवायला तो येत नसे. आई तरीही त्याचं ताट वाढून झाकून ठेवायची आणि ऊन उतरल्यावर न बोलता ते शेळीपुढं रिकामं करायची. पेटीवाली ते बघायची, आणि तिला कीव येत नसे. यायला हवी होती, असंही तिला वाटत नसे.

पोरं पेटीपाशी आली, पण परत द्यायला. पुस्तक पेटीवर ठेवायची आणि निघायची. "पुढं कुणाला?" विचारलं तर खांदे उडवायची. "दे कुणालाही." कुणी पिशवी भरायला थांबेना. किराणा दुकानदाराचा मुलगा भुताची कादंबरी ठेवून जाताना म्हणाला, "माझा अजून कुणावर राग नाही हां," आणि बाहेरची दोघं हसली.

भिंगवाली मैत्रीण तेवढी दारात घुटमळली.

"आत ये की," पेटीवाली म्हणाली. "तुझ्यासाठी एक बाजूला काढून ठेवलंय. वेधशाळेत राहणाऱ्या मुलीचं."

"नको गं. आई म्हणते, तुझ्याकडं बोललेलं समितीत जातं."

"पुस्तक नुसतं घेऊन जा. काही बोलू नकोस."

"न बोलता तू कसं देणार?" मैत्रीण म्हणाली. तिनं टोमणा मारला नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं. चष्मा पुसत ती निघून गेली.

तो प्रश्न खराच होता. पेटीवालीनं पेटी उघडून पाहिली. सगळी पुस्तकं घरी आलेली, काठोकाठ, झाकण नीट बसेना. आजवर पेटी एवढी भरलेली तिनं कधी पाहिली नव्हती. शाळा उघडली की बाई खूश होतील, एकही हरवलं नाही म्हणतील. तिनं झाकणावर बसून कडी लावली आणि मातीकडं वळली.

एकच पुस्तक यायचं राहिलं होतं. ते येईल असं तिला वाटत नव्हतं.

लंबू आला तो भर उन्हात, बादल्या दाराबाहेर ठेवून. मान वाकवून आत आला. हाताच्या पंज्यांवर फोड आलेले होते. त्यानं कादंबरी पेटीवर ठेवली, इतरांसारखीच, पण गेला नाही.

"मी तिला एकटीलाच सांगितलं होतं," पेटीवाली म्हणाली. "ती शपथ—"

"माहीत आहे. तू कशी बोललीस ते दिसलं मला."

"तू बोलणार होतास ना? त्या दिवशी, तिथं?"

"होतो." त्यानं फोडाची कातडी दातांनी तोडली. "पण आता ते कोण खरं मानणार?"

ती मातीत हात घालून बसली. मग तोच म्हणाला, "विचार की."

"काय?"

"नेहमी विचारतेस ते."

तिनं बरेच दिवस ते विचारलं नव्हतं.

"पुढं कुणाला?"

"काकूला," तो म्हणाला, आणि बादल्या उचलून वाट चढून गेला.

पेटीवाली पुस्तक घेऊन जाळीखाली गेली. आई एकटीच होती, दातांत पट्टीचं टोक धरून कांडीभोवती वेढे देत होती. गाठ मारून झाल्यावर तिनं वर बघितलं.

"काय ते?"

"तुझ्यासाठी. लंबूनं सांगितलंय, पुढं तुला द्यायचं."

आईचा हात दुसऱ्या कलमाकडं गेला होता, तो तिथंच थांबला. "मला कुठला वेळ वाचायला?" ती म्हणाली. पण पुस्तक घेण्याआधी हात पुसले, दोनदा पुसले. "आला होता तो? जेवायला का नाही आला?"

पेटीवालीनं पुस्तक तसंच पुढं धरून ठेवलं.

"हेच का ते पुस्तक?" आईनं उलटंपालटं करून बघितलं. "काय आहे यात?"

एरवी पेटीवालीनं एका वाक्यात नाव, नदी आणि सुटलेला दोर असा समोर उभा केला असता की माणूस उभ्या उभ्या पहिलं पान उघडील. कोणत्या माणसाला कोणतं वाक्य सांगायचं हे तिला अजून येत होतं.

"मी नाही सांगणार."

"थोडं तरी सांग."

"मी आता कुणाचंच काही सांगत नाही, आई."

आईनं पुस्तक उघडलं तशी पानांतून वाळकी कांडी घसरून तिच्या मांडीवर पडली. तिनं ती उचलली, आणि हाताच्या सवयीनं नखानं तिची साल खरवडली. आतून तपकिरी होती. मग तिच्या लक्षात आलं की ही आपल्याच वाफ्यातली, आपल्याच हातानं बांधलेली. कांडीवर पट्टीचा वळ तसाच होता.

पेटीवालीनं झारी उचलली आणि ओळीच्या टोकाला जाऊन पाणी घालायला सुरुवात केली. ओळ संपवून ती वळली तेव्हा आई तिथंच बसलेली होती, पुस्तक पहिल्या पानावर उघडं, कांडी मुठीत धरलेली. आईचे खांदे हलत होते. पेटीवालीनं ते पाहिलं. तिला हाक मारावीशी वाटली नाही. तिनं झारी भरून घेतली आणि दुसरी ओळ धरली.